चार आण्याची चिप, बारा आण्यांचा मसाला

(छत्रपती संभाजीनगर इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटच्या प्रश्नोत्तरांपैकी दोन प्रश्न घेतले आहेत.)



आज विषय थोडा आडवळणाचा आहे. मायक्रोफ्लुइडिक चिप स्वस्तात आणि मोठ्या संख्येनं कशा बनवायच्या, हा. पण मी बनवायची पद्धत शिकवायला आलेलो नाही. या विषयावर जे लिहिलं जातं, संशोधनपत्रांत, बातम्यांत, विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्ट रिपोर्टांत, त्याची मला आज चिकित्सा करायची आहे. कारण त्यात एक वाक्य हमखास सापडतं: 'या चिपची किंमत अवघे काही पैसे आहे.' माझं म्हणणं असं की ते वाक्य खोटं नसतं, पण अर्धं असतं. आणि त्या अर्ध्या वाक्यापायी बरंच चांगलं काम कपाटात पडून राहतं.

आधी वस्तू काय आहे ते बघू. केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरा. तेवढ्या रुंदीचे पाट प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या पट्टीवर कोरायचे, वरून झाकण लावायचं, आणि त्या पाटांतून रक्ताचा, लघवीचा, थुंकीचा थेंब फिरवायचा. वाटेत औषधं ठेवलेली असतात. थेंब त्यांना भेटतो, रंग बदलतो किंवा विजेचा सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो, आणि आपल्याला उत्तर मिळतं. झाली मायक्रोफ्लुइडिक चिप.

आता हे परदेशातल्या प्रयोगशाळेतलं प्रकरण आहे असं समजू नका. घरात कुणाला मधुमेह असेल तर ग्लुकोमीटरची पट्टी आठवा. टोकाला रक्ताचा थेंब लावला की ती तो आपणहून आत ओढून घेते. आत एक बारीक पाट आहे आणि छापलेले इलेक्ट्रोड आहेत. आशाताईंच्या पिशवीतलं 'निश्चय' हे गरोदरपणाच्या तपासणीचं किट घ्या. कोविडमध्ये आपण नाकात काडी घालून जी चाचणी केली ती घ्या. पुण्याच्या मायलॅबच्या 'कोव्हिसेल्फ'ला मे २०२१ मध्ये आयसीएमआरची मान्यता मिळाली, ते देशातलं पहिलं घरगुती किट. या सगळ्यांत द्रव पदार्थ पंपाशिवाय, केशाकर्षणानं पुढे सरकतो. म्हणजे स्वस्त आणि प्रचंड संख्येनं बनणारी सूक्ष्मप्रवाही वस्तू जगात आहे, आणि ती आपण वापरून फेकूनही दिली आहे. मग 'आम्ही पहिल्यांदाच स्वस्त चिप बनवली' असं दर वर्षी नव्यानं का लिहिलं जातं?

त्यासाठी थोडा इतिहास. १९७९ मध्ये स्टॅनफर्डमध्ये सिलिकॉनच्या चकतीवर वायूंचं पृथक्करण करणारं यंत्र कोरलं गेलं. १९९० च्या सुमारास 'अख्खी प्रयोगशाळा एका चिपवर' ही कल्पना रुजली. पण सिलिकॉन आणि काच कोरायची तर संगणकाच्या चिपसारखी धूळमुक्त खोली लागते. मग नव्वदच्या दशकात हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटानं पीडीएमएस नावाचं पारदर्शक रबर आणलं. साचा एकदा करायचा, त्यावर रबर ओतायचं, भट्टीत तासभर किंवा त्याहून जास्त ठेवायचं, सोलून काढायचं, काचेवर चिकटवायचं. जेली पाडतो तसं. जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती हे तंत्र आलं. याच गटानं २००७ मध्ये कागदावर पाट आखून दाखवले: गाळण कागदाचा तुकडा, लघवीचा थेंब, आणि त्यावर ग्लुकोज आणि प्रथिनं यांची चाचणी. कल्पना खरोखर सुंदर आहे, आणि मी तिच्यावर टीका करत नाही. वीज नको, पंप नको, वापर झाला की जाळून टाका.

इथून मात्र एक लेखनप्रकार जन्माला आला, आणि माझा वाद त्याच्याशी आहे.

त्या लेखनप्रकाराचा हिशेब असा असतो: कागद इतके पैसे, मेण इतके पैसे, एन्झाइम इतके पैसे, बेरीज एक-दोन रुपये. संपलं. यात काय नाही ते बघा. कापायचं कुणी? एन्झाइम मोजून ठेवायचं कुणी? ते वाळवायचं कसं? आर्द्रता आत जाऊ नये म्हणून फॉइलच्या पाकिटात बंद करायचं, त्यात शोषकाची पुडी टाकायची, मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पारा चाळिशीपार गेला तरी एन्झाइम जिवंत राहील याची खात्री करायची, प्रत्येक लॉटमधले नमुने तपासायचे, परवाना घ्यायचा. आपल्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इथे कोंबडीचाच हिशेब छापला जातो. मसाला पुढच्या माणसावर सोडलेला असतो, आणि पुढचा माणूस बहुतेक वेळा येतच नाही.

दुसरी गोष्ट, साधनांची. कागदावर मेणाचे पाट छापायला संशोधकांनी झेरॉक्स कंपनीचे घन शाईचे प्रिंटर वापरले. शेकडो शोधनिबंध त्यावर उभे राहिले. पुढे कंपनीनं ते प्रिंटर बनवणं बंद केलं. ज्या तंत्राचं वर्णन 'कुठेही, कुणालाही करता येईल' असं होत होतं, ते एका कंपनीच्या कार्यालयीन प्रिंटरवर टेकलेलं होतं. हा दोष संशोधकांचा नाही. पण 'कुठेही' हा शब्द लिहिताना आपण किती बेफिकीर असतो, ते यातून कळतं.

तिसरी गोष्ट, रिजेक्शन. वाळूजमध्ये काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण निबंधात ते क्वचित दिसतं. समजा चिप बनवायच्या सात पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर शंभरातले पंच्याण्णव नग चांगले निघतात. ऐकायला बरं वाटतं. पण पंच्याण्णव टक्क्यांचा सात वेळा गुणाकार करा, शेवटी शंभरातले सत्तरच उरतात. तीस कचऱ्यात गेले. प्रत्येक पायरी नव्व्याण्णव टक्क्यांवर नेली तर त्र्याण्णव उरतात. आणि वाईट नग ओळखून बाजूला काढता आला नाही तर तो रुग्णाच्या हातात जातो. तिथे त्याची किंमत रुपयांत मोजता येत नाही. क्षयरोग असलेल्या माणसाला 'नाही' असं सांगणारी चिप फुकट मिळाली तरी महागच.

आता माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो, त्यात चूक माझीही आहे. मी आयुष्यभर मोल्डच्या धंद्यात. एका संशोधन संस्थेतून एक गट ड्रॉइंग घेऊन आला. पीडीएमएसमध्ये चिप सुंदर चालत होती, आता त्यांना ती प्लॅस्टिकमध्ये हजारोंनी हवी होती. ड्रॉइंग पाहिलं. पाटाच्या भिंती अगदी काटकोनात उभ्या. मी विचारलं, ड्राफ्ट कुठंय? त्यांनी विचारलं, ड्राफ्ट म्हणजे काय? अहो, भिंतीला किंचित उतार नसेल तर कडक प्लॅस्टिक साच्यातून सुटणार कसं? रबर वाकतं म्हणून सोलून निघतं, पॉलिस्टायरीन वाकत नाही. पुन्हा एकीकडे पाट वीस मायक्रॉन खोल, शेजारी खड्डा अर्धा मिलिमीटर. प्लॅस्टिक मोठ्या जागेत आधी धावणार आणि बारीक जागी पोचायच्या आत थिजणार. म्हणजे दोन वर्षांचं काम ज्या आकारावर उभं होतं, तो आकारच साच्यात बनणारा नव्हता.

हे झालं त्यांचं. आता आमचं. आकार बदलला, मोल्ड केला, शॉट चांगले पडले. आमच्या कॅलिपरला सगळं बरोबर. नग तिकडे गेले आणि एन्झाइम पृष्ठभागावर बसेना. बरेच दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की आमच्या ऑपरेटरनं नेहमीच्या सवयीनं साच्यावर रिलीज स्प्रे मारला होता. बादलीला, बंपरला त्यानं काही बिघडत नाही. इथे सिलिकोनचा तो अदृश्य थर म्हणजे विषच. वरून झाकण चिकटवताना कधी पाट बुजले, कधी गळले. दोन्ही बाजू थकल्या आणि काम तिथेच थांबलं. ती चिप आज कुठेही नाही. ती बनवणं अशक्य होतं असं मला वाटत नाही. पहिल्या दिवशी आम्ही एका टेबलावर बसलो नाही, एवढंच.

म्हणून पीडीएमएसविषयी माझी तक्रार नेमकी काय, ते सांगतो. विचार तपासायला ते उत्तम आहे. पण त्यात काढलेला नमुना हा उत्पादनाचा नमुना नव्हे. एक नग करायला तास लागतो, ते काही औषधांचे रेणू स्वतःतच शोषून घेतं, त्यातून पाण्याची वाफ निसटते. प्लॅस्टिकमध्ये गेलात की यातल्या काही अडचणी जातात आणि नव्या येतात. म्हणजे चाचणी पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावी लागते. हे 'पुढील काम' या शीर्षकाखाली दोन ओळींत लिहायचं प्रकरण नाही.

आता साच्याच्या अर्थशास्त्राकडे येऊ, कारण 'मोठी संख्या' या शब्दांचा खरा अर्थ तिथे आहे. समजा मोल्ड वीस लाखांचा. हजार चिप काढल्या तर प्रत्येकीवर मोल्डचेच दोन हजार रुपये. लाख काढल्या तर वीस रुपये. दहा लाख काढल्या तर दोन रुपये. एक कोटी काढल्या तर वीस पैसे. चिप स्वस्त आहे की महाग, हे चिपकडे बघून सांगताच येत नाही, ऑर्डर किती ते विचारावं लागतं.

आणि यंत्राची ताकद बघा. आठ कॅव्हिटीचा मोल्ड, तीस सेकंदांचं सायकल टाइम. तासाला नऊशे साठ नग. दिवसाला वीस तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर सुमारे साडेसत्तावन्न लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे सदतीस लाख होती. म्हणजे एक मशीन वर्षभर चालवलं की तान्ह्या बाळापासून सगळ्यांना एकेक चिप देऊन वर वीस लाख उरतात. तेव्हा अडलंय ते यंत्रापाशी नव्हे. झाकण चिकटवणं, औषध भरणं, तपासणी, आणि सर्वांत मोठं म्हणजे इतक्या चिपना गिऱ्हाईक, इथे अडलंय.

यावर कुणी म्हणेल, बनवायचा खर्च खाली आला की किंमत आपोआप खाली येईल. हेही तपासून बघू. क्षयरोगाची जीनएक्सपर्ट चाचणी तुम्हाला माहीत आहे. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिला मान्यता दिली. तिचं काडतूस म्हणजे अभियांत्रिकीचा नमुना आहे: झडप, गाळणी, औषधं, सगळं आत. थुंकी औषधात मिसळून ओतायची आणि झाकण लावायचं. २०१२ मध्ये दात्या संस्थांनी मदत करून गरीब देशांसाठी त्याची किंमत ९.९८ डॉलर ठरवली. संख्या वाढत गेली, किंमत दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच. दरम्यान 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेनं उत्पादनखर्चाचा अभ्यास करवून घेतला, आणि तो काडतुसामागे पाच डॉलरच्या आत येतो असा अंदाज मांडला. मोठी मोहीम झाली, तेव्हा कुठे २०२३ मध्ये क्षयरोगाच्या मूळ चाचणीचा दर ७.९७ डॉलरवर आला. म्हणजे संख्येनं खर्च कमी झाला तरी किंमत कमी व्हायला भांडावं लागलं. 'स्वस्त उत्पादन' आणि 'स्वस्त चाचणी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संशोधनपत्रं पहिलीचा हिशेब मांडतात आणि दुसरीचं श्रेय घेतात.

याच्याशेजारी आपल्या जवळचं उदाहरण ठेवा. गोव्याची मोलबायो, आणि तिचं ट्रूनॅट. बंगळुरूच्या बिगटेकमध्ये विकसित झालेलं हे तंत्र. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं क्षयरोगासाठी त्यालाही मान्यता दिली. ते बॅटरीवर चालतं, वातानुकूलित खोली लागत नाही, तालुक्याच्या खाली नेता येतं. बातम्यांत त्याचं कौतुक 'स्वदेशी' म्हणून होतं. मला कौतुक करायचं आहे, पण वेगळ्या कारणासाठी.

जीनएक्सपर्टनं सगळी गुंतागुंत काडतुसात कोंबली. म्हणून काडतूस अवघड झालं, ते बनवणारा एकच राहिला, आणि भाव त्याच्या हातात गेला. ट्रूनॅटनं कामाचे तुकडे केले: एक यंत्र थुंकीतून डीएनए वेगळा काढतं, दुसरं चिपवर त्याच्या प्रती वाढवतं, आणि मधला सहा मायक्रोलीटरचा थेंब तंत्रज्ञ पिपेटनं हातानं टाकतो. फेकायची वस्तू सोपी झाली, पण काही गुंतागुंत माणसाच्या हातात आली. आता तो हात चांगला शिकवलेला हवा. चूक होण्याची एक जागा वाढली. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, ते तुमच्याकडे यंत्र कमी आहेत की शिकलेले हात कमी आहेत, यावर ठरेल. टीका करायची तर अशी करावी, असं मला वाटतं. स्वदेशी-विदेशी, स्वस्त-महाग एवढ्यावर थांबू नये. गुंतागुंत कुठे ठेवलीय, वस्तूत, यंत्रात, की माणसात, आणि तिचा भार कोण उचलतंय, हे विचारावं.

आपण पैठणच्या शेजारी बसलोय, म्हणून एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०११ मध्ये बंगळुरूच्या अचिरा लॅब्सच्या गटानं रेशमाच्या धाग्यांना औषधं लावून हातमागावर चाचणीचं कापड विणून दाखवलं. एक धागा थेंब ओढतो, दुसरा अडवतो. विणकामच पाट आखतं. आपल्या हिमरूवाल्याला, पैठणीवाल्याला हे कळायला दोन मिनिटं लागणार नाहीत! आधीपासून असलेलं यंत्र आणि आधीपासून असलेलं कसब वापरायचं, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. पण इथेही तोच प्रश्न: प्रत्येक वीत कापडात औषध सारखंच बसलंय हे मोजणार कोण? विणकर सुंदर विणेल. सारखेपणा सिद्ध करायचं काम त्याच्या गळ्यात टाकता येणार नाही.

आता आपल्या शहराकडे. आपल्याकडे काय नाही याची यादी आपण नेहमी करतो. काय आहे ते बघू. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे मोल्ड बनवणारी पोरं पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली. वाळूजमध्ये बजाजच्या मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्यांची फौज उभी राहिली, तिला दर दहा लाखांत खराब नग किती हे मोजायची सवय आहे. औषध कंपन्या आहेत, त्यांना निर्जंतुक खोली, कोरडी हवा, लॉटच्या नोंदी हे रोजचं आहे. आणि इथेच स्टरलाइट ऑप्टिकल फायबर ओढते. त्या काचेच्या धाग्याचा व्यास १२५ मायक्रॉन, त्यात फरक चालतो तो मायक्रॉनभराचा, आणि लांबी हजारो किलोमीटर. सूक्ष्म माप आणि प्रचंड संख्या एकत्र कशी सांभाळायची, हे या गावाला शिकवावं लागत नाही.

म्हणजे मोल्डवाला आहे, औषधवाला आहे, मायक्रॉनवाला आहे, घाटीसारखं मोठं सरकारी रुग्णालय आहे, विद्यापीठ आहे. हे सगळे दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत असून एकमेकांना भेटत नाहीत. मोल्डवाल्याला एन्झाइम कळत नाही, विद्यापीठातल्या मुलाला ड्राफ्ट कळत नाही, आणि घाटीतल्या तंत्रज्ञाला दोघंही विचारत नाहीत की बाई, तुम्हाला दिवसात किती नमुने येतात आणि हातमोजे घालून हे झाकण उघडतं का?

म्हणून टीकाकार म्हणून माझी मागणी छोटी आहे. यापुढे कुणी 'या चिपची किंमत दोन रुपये' असं लिहिलं तर त्यापुढे चार गोष्टी लिहायला लावा. किती नगांच्या ऑर्डरला? शंभरातले चांगले किती? पाकिटात घालून आमच्या उन्हाळ्यात किती महिने टिकते? आणि यंत्र, माणूस, वाहतूक धरून एका खऱ्या उत्तराला किती पडतात? चारही उत्तरं नसतील तर काम वाईट ठरत नाही. पण मग किंमत लिहू नये. 'कल्पना चालते' एवढंच लिहावं, त्यात काही कमीपणा नाही.

श्रोत्यांमधून प्रश्न (विद्यार्थिनी): सर, मग आम्ही पीडीएमएसवर काम करणं सोडायचं का?

अजिबात नाही. माझ्या बोलण्याचा तसा अर्थ निघत असेल तर ती माझी चूक. विचार तपासायला तेच वापरा. फक्त आकार काढताना पहिल्या आठवड्यात एखाद्या टूलरूममध्ये जाऊन ड्रॉइंग दाखवा. चहा प्या, शिव्या खा, आणि परत या. कुठल्या भिंतीला उतार हवा, इजेक्टर पिन कुठे बसेल, झाकण कशानं बसवणार, एवढं आधी कळलं तरी तुमची दोन वर्षं वाचतील.

श्रोत्यांमधून प्रश्न (लघुउद्योजक): तुम्ही म्हणता ते सगळं आम्ही करू. पण ऑर्डर कुठंय? बजाजचा माल काढतो तेव्हा शेड्यूल हातात असतं. इथे मोल्डचे पैसे घालून बसायचं कुणाच्या भरवशावर?

तुमचा प्रश्न माझ्या व्याख्यानापेक्षा बरोबर जागी बोट ठेवतो. याचं उत्तर तंत्रात नाही, खरेदीत आहे. बघा, १ जुलै २०२३ ला देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट धरून. सात कोटी! मघाशी मी वीस पैशांचा हिशेब मांडला तो एक कोटीवर होता. म्हणजे संख्या या देशात आहे. पण ती टेंडरच्या तुकड्यांत, वर्षावर्षाच्या मंजुरीत येते. मोटारसायकलच्या भागाला जसं तीन वर्षांचं शेड्यूल मिळतं, तसं शेड्यूल सरकारनं चाचणीच्या पट्टीला दिलं, तर तुमच्यासारखे दहा जण उद्या मोल्ड करतील आणि भाव एकाच्या हातात राहणार नाही. ते मिळत नाही तोवर तुमची शंका खरी आहे, आणि मी तुम्हाला पैसे घाला असं सांगणार नाही.